गावठाणाची रेषा: शहापूर-मुरबाडमध्ये जमिनीचा वापर कोण ठरवत आलं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचा एक नकाशा केला होता. उपग्रहाची चित्रं उतरवून घेतली, वर्गीकरण केलं, जंगल हिरवं, भातशेती पिवळी, पाणी निळं, बांधकाम लाल. एम.एस्सी.ला हेच शिकले होते, त्यामुळे हात बसलेला होता. नकाशा दिसायलाही छान झाला. मार्गदर्शकांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "जमीन कशी वापरली जातेय ते दिसलं. ती तशी वापरायची हे ठरवलं कुणी?"

मला उत्तर येत नव्हतं. नगररचना विभाग ठरवत असेल, असं काहीतरी मी पुटपुटले.

काही महिन्यांनी मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले, तेव्हा तोच नकाशा छापून नेला होता. एका आजोबांनी त्यावर बराच वेळ बोट फिरवलं. आपला पाडा सापडला तेव्हा म्हणाले, "तुझ्या कागदावर आमची घरं लाल दिसतात ती बरोबर हायेत, पोरी. पण सरकारच्या कागदावर हितं घर नाय. हितं वरकस हाय."

वरकस म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन. नाचणी, वरी घ्यायची आणि मग काही वर्षं पड टाकायची. त्या वरकस जमिनीवर आजोबांच्या तीन पिढ्या राहत आल्या आहेत. घरपट्टी भरतात, मतदान करतात, तरी महसुली नकाशात त्यांचं घर नाही. माझ्या प्रबंधाचा विषय त्या दिवशी बदलला. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्थानिक स्वराज्य किंवा नियोजन असा विषय घ्यायचा विचार असल्याचं कळवलं होतं. म्हणून या बदललेल्या विषयाचा इतिहास जरा सविस्तर सांगते.

सुरुवात गावठाणापासून करावी लागते. आपण 'गाव' म्हणतो तेव्हा घरं, शेतं, ओढा, देवराई सगळं धरतो. महसूल खात्याच्या भाषेत मात्र गाव म्हणजे हद्दीच्या आतलं सगळं शिवार, आणि गावठाण म्हणजे त्यातला घरांसाठी राखलेला छोटा तुकडा. हा तुकडा कोणता, त्याची हद्द कुठे, हे ठरवण्याचा अधिकार १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला आणि मोजणी अधिकाऱ्याला दिला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १२२ मध्ये तीच तरतूद आहे. सत्ता बदलली, भाषा बदलली, अधिकार त्याच खुर्चीत राहिला. आजही ग्रामपंचायतीला किंवा ग्रामसभेला गावठाण स्वतःहून वाढवता येत नाही. ती फक्त ठराव करून मागणी करू शकते.

ठाणे जिल्ह्याची पहिली ब्रिटिश मोजणी साधारण १८५० आणि ६० च्या दशकांत झाली. देशावरच्या गावांसाठी गावठाण ही कल्पना सोयीची होती. तिथे वस्ती दाट, एकाजागी, अनेकदा तटबंदीच्या आत, भोवती शेतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी वस्ती तशी नव्हती आणि नाही. ठाकूर, वारली, महादेव कोळी, कातकरी, कुणबी यांची घरं पाड्यापाड्यांत विखुरलेली. दोन पाड्यांत मैलाचं अंतर सहज असायचं. काही पाडे पाण्यामागे, कामामागे जागा बदलायचे. मोजणीदाराने मोठ्या वस्तीभोवती रेघ मारली, ते गावठाण झालं. बाकीचे पाडे शेतजमिनीत, वरकसात, गायरानात किंवा जंगलात पडले. यात कुणाचा डाव होता असं मला वाटत नाही. सारा वसूल करायला एवढं पुरेसं होतं, आणि मोजणी साऱ्यासाठीच होती. आपली चूक अशी की साऱ्यासाठी आखलेली रेघ आपण पुढे दीडशे वर्षं घराच्या हक्काची रेघ म्हणून वापरली.

त्याच काळात दुसरी एक रेघ आखली गेली, आणि ती जास्त दुखावणारी ठरली. इथल्या भातशेतीचा जीव राबात आहे. हिवाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, शेण-पालापाचोळ्यासोबत रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरायच्या आणि पावसाआधी भाजायच्या. त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप तरारून येतं. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबात खालचं खाचर, मधलं वरकस आणि वरचं जंगल हा एकच संसार होता. मोजणीने त्याचे तीन भाग केले. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल राखीव होत गेलं तशी राबासाठी फांदी तोडणं ही सवलत झाली, आणि सवलत कुणीतरी देतो तशी काढूनही घेतो. लोकांनी संघटना करून इतक्या तक्रारी केल्या की सरकारला १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जमीन-वापराच्या इतिहासात रस असेल तर हा अहवाल नक्की मिळवा. आधी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर वाचा, मग हा वाचा. गॅझेटियर जिल्हा कसा 'असतो' ते सांगतं, आयोगाच्या अहवालात लोक भांडताना दिसतात. माझ्यासारख्या विज्ञानाकडून आलेल्या विद्यार्थ्यांना हा फरक कळायला वेळ लागतो. आपल्याला वाटतं वर्णन म्हणजे विदा. जंगल, पडीक, वरकस हे शब्द म्हणजे आधीच दिलेले निवाडे असतात, हे मला फार उशिरा समजलं. माझ्या नकाशातल्या रंगांचीही तीच गोष्ट.

आता मुंबईकडे वळू, कारण मुंबईशिवाय शहापूरचा इतिहास लिहिताच येत नाही. १८९२ मध्ये तानसा धरणाचं पाणी मुंबईला सुरू झालं. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झाला. १९८० च्या दशकात भातसा आलं, आणि आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातशाचा आहे. मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडला संपते, असं आपण भूगोलात शिकतो. तानसाच्या काठी उभं राहिलं की ते खोटं वाटायला लागतं. इथला तलाव, जलवाहिनी, तिच्या बाजूचा रस्ता, चौकी, सगळं महापालिकेचं. पाणलोटात काय व्हावं आणि काय होऊ नये हे शंभर वर्षांहून जास्त काळ मुंबईच्या तहानेवरून ठरलं. १९७० मध्ये तानसा अभयारण्य जाहीर झालं आणि त्याच जंगलावर वन्यजीवांच्या कायद्याचा थर चढला.

याला तुम्ही नियोजन म्हणणार की नाही? मी म्हणते. 'शहापूर-मुरबाडमध्ये नियोजनच नाही' हे वाक्य मी मुलाखतींत इतक्यांदा ऐकलंय की प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात तेच मी निष्कर्ष म्हणून लिहिलं होतं. ते काढून टाकावं लागलं. इथे भरपूर नियोजन झालं, फक्त प्रत्येक खात्याने आपापल्या एका कामापुरतं केलं. पाटबंधाऱ्याने पाण्यासाठी, वनखात्याने जंगलासाठी, एमआयडीसीने कारखान्यांसाठी, रस्तेवाल्यांनी रस्त्यासाठी. या सगळ्यांचे नकाशे एकावर एक ठेवले तर उरलेल्या जागेत गाव दिसतं, आणि त्या उरलेल्या जागेतही गावाचा अधिकार गावठाणाच्या रेषेपर्यंतच.

हा अधिकार नेमका किती, ते कायद्यांतून बघू. ब्रिटिश काळातल्या लोकल बोर्डांकडे रस्ते, शाळा, विहिरी, धर्मशाळा होत्या, जमीन नव्हती. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात आठ वर्षांच्या आत चार मोठे कायदे झाले आणि माझ्या मते आजचा सगळा गुंता त्या आठ वर्षांत आहे. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, आणि १९६६ मध्ये एकाच वर्षी दोन: जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियम, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ ने बांधकामाला परवानगी द्यायचं काम पंचायतीला दिलं. महसूल संहितेने शेतजमिनीचा बिगरशेती म्हणजे एनए वापर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीखाली ठेवला. एमआरटीपीने प्रादेशिक योजना आणि विकास योजना आणल्या, पण विकास योजना करायचा अधिकार दिला तो नगरपालिका, महानगरपालिका अशा नियोजन प्राधिकरणांना. ग्रामपंचायत त्या यादीत बसली नाही.

पुढे १९९२ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली. परीक्षेसाठी आपण अकराव्या अनुसूचीतले २९ आणि बाराव्या अनुसूचीतले १८ विषय पाठ करतो. पाठांतर बाजूला ठेवून त्या दोन याद्या एकदा शेजारीशेजारी ठेवा. बाराव्या, म्हणजे शहरांच्या यादीत पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजन, आणि दुसरा जमीन-वापर व बांधकामांचं नियमन. अकराव्या, म्हणजे पंचायतींच्या यादीत जमीन सुधारणा आहे, जमीन एकत्रीकरण आहे, मृद्संधारण आहे. जमिनीच्या वापराचं नियोजन नाही. घटनेनेच जणू असं गृहीत धरलं की गावात जमिनीचा वापर बदलत नाही, आणि बदलला तर ते गाव राहत नाही. तोंडी परीक्षेत हा मुद्दा मांडला तेव्हा एका परीक्षकांनी विचारलं, "मग जिल्हा नियोजन समिती काय करते?" ती पैशांचं नियोजन करते, सर. बैठकीत निधीचा तक्ता असतो. जमिनीचा नकाशा टेबलावर आलेला मी अजून पाहिला नाही.

प्रादेशिक योजनेतही हे दोन तालुके बाहेर राहिले. मुंबई महानगर प्रदेश १९६७ मध्ये अधिसूचित झाला, त्याची पहिली योजना १९७३ मध्ये मंजूर झाली, दुसरी १९९९ मध्ये, तिसरी २०२१ मध्ये. कल्याण, भिवंडी आत. शहापूर, मुरबाड बाहेर. २०१९ मध्ये प्रदेशाची हद्द पालघर, अलिबागकडे वाढली तेव्हाही हे दोन बाहेरच. म्हणजे मुंबईला पाणी देणारे तालुके मुंबईच्या प्रदेशात धरले गेले नाहीत. बाहेर राहण्याचा फायदाही झाला असेल, जंगल वाचलं असेल, असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण बाहेर राहिल्यामुळे एक गोष्ट निश्चित झाली. नाशिक महामार्गावर आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावर बंगला प्लॉटच्या पाट्या लागायला लागल्या, तेव्हा कुठे घरं यावीत, कुठे खाचरं राहावीत, ओढ्याला किती जागा सोडावी, हे सांगणारा एकही सर्वंकष नकाशा इथे नव्हता. होत्या त्या एकेका गटाच्या एनए ऑर्डरी.

मुरबाडबद्दल थोडक्यात. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेचं आश्वासन एवढं जुनं आहे की गावात त्यावर विनोद आहेत. एमआयडीसी आली, शहराच्या कडेला कारखाने आले. एमआयडीसीला स्वतःच्या क्षेत्रात स्वतःचं नियोजन करता येतं, शेजारची ग्रामपंचायत कंपाउंडच्या बाहेरून बघते. बारवी धरणही एमआयडीसीचंच, आणि त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढली तसं मुरबाड तालुक्यातल्या लोकांना उठावं लागलं.

काळू धरणाचं प्रकरण मात्र थोडक्यात सोडता येत नाही, कारण तिथे ग्रामसभा पहिल्यांदा आडवी आली. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी मोठं धरण ठरलं. लक्षात घ्या, मुरबाड त्या प्रदेशात नाही. जवळपास एक हजार हेक्टर वनजमीन त्यात जाणार होती. वन कायद्याची मंजुरी नसताना काम सुरू झालं. गावांनी ग्रामसभांचे विरोधी ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि मार्च २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवलं. या ठरावांना वजन कुठून आलं? ग्रामपंचायत कायद्यातून नाही. ते आलं २००६ च्या वनहक्क कायद्यातून आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकातून. वनजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची तर ग्रामसभेची संमती लागेल, असं ते परिपत्रक म्हणतं. म्हणजे गंमत बघा. ज्या जंगलावरचा हक्क १८७८ नंतर गावाच्या हातून गेला होता, त्याच जंगलाबद्दल गावाचा शब्द मोजला गेला. गावठाणाला लागून असलेल्या खासगी शेतावर बंगल्यांची रांग उठणार असती, तर त्याच ग्रामसभेला असं काही म्हणता आलं नसतं. धरण कागदावर अजून जिवंत आहे. गावंही आहेत.

आता तिसरी रेघ. २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रं ठरली. त्यात शहापूर तालुका संपूर्ण आहे. मुरबाड तालुक्यातली ७७ गावं आहेत, बाकीची नाहीत. पुढे १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे पेसा नियम या रेषेच्या आत लागू झाले. पेसाने गावाची व्याख्याच उलटी केली. पेसात गाव म्हणजे महसुली हद्द नव्हे. एखादी वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडासुद्धा गाव असू शकतो, जर तिथले लोक आपले व्यवहार आपल्या रीतीने चालवत असतील. २०१४ च्या नियमांत तर पाड्याच्या मतदारांनी ठराव करून प्रांताधिकाऱ्यांकडे पाठवायचा आणि स्वतंत्र गाव म्हणून घोषणा मिळवायची, अशी रीतसर वाट आहे. घोषणा झाली की पाड्याची स्वतःची ग्रामसभा. दीडशे वर्षांत पहिल्यांदा पाडा कायद्याच्या कागदावर आला.

मग ते आजोबा? त्यांचा पाडा मुरबाडच्या त्या ७७ गावांत नाही. पलीकडच्या टेकडीवर त्यांच्या बहिणीचं सासर आहे, तो पाडा शहापुरात. तेच लोक, तीच भाषा, तोच राब. तिकडे पाड्याची वेगळी ग्रामसभा मागता येते, इकडे नाही. मी दोन्हीकडे एकच प्रश्नावली घेऊन फिरत होते आणि उत्तरं इतकी वेगळी का येतात ते मला कळेना. उत्तर १९८५ च्या आदेशाला जोडलेल्या गावांच्या यादीत होतं. म्हणून सांगते, क्षेत्रकाम सुरू करायच्या आधी आपल्या गावावर कोणकोणते कायदे लागू आहेत त्याचा एक कागद करा. मला हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सुचलं.

शहापुरात आणखी एक कोडं आहे, आणि कुणाला कायद्याच्या बाजूने विषय हवा असेल तर ते घ्या. शहापूर आणि मुरबाड ही तालुक्याची ठिकाणं आता नगरपंचायती आहेत. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की तिला एका रात्रीत नियोजन प्राधिकरणाचा दर्जा आणि विकास योजना करायचा अधिकार मिळतो. वासिंद आणि आसनगाव लोकल गाड्यांच्या जोरावर इतकी वाढली, तरी तिथे कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून तो अधिकार नाही. इथपर्यंत ठीक. पण घटनेचं कलम २४३-झेडसी म्हणतं की नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होणार नाही, संसदेने वेगळा कायदा करून तो लागू करावा. पंचायतींसाठी तसा कायदा झाला, तोच पेसा. नगरपालिकांसाठीचं विधेयक २००१ मध्ये आलं आणि कधीच मंजूर झालं नाही. संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्र. मग ग्रामसभा जाऊन नगरपंचायत आली तेव्हा पेसातले हक्क कुठे गेले? शहरात राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना याचं काय वाटतं, यावर मला अजून कुणाचं काम दिसलेलं नाही.

समृद्धी महामार्गाच्या वेळीही हे सगळे कायदे एकमेकांवर आदळले. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता शहापूर तालुक्यातून भिवंडीजवळ आमण्याला उतरतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. सुरुवातीला शहापुरातून मोठा विरोध होता. मग थेट खरेदी सुरू झाली, दर वाढले, आणि विरोध एकेका सातबाऱ्यावर विरघळत गेला. ग्रामसभा एकत्र बसून नाही म्हणू शकते, पण खरेदीखतावर सही एकेकट्याने करायची असते. विकणाऱ्यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. मुलीचं शिक्षण, घराचं छप्पर, जुनं कर्ज हे खर्च खरे असतात. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याच्यापर्यंत ना ग्रामसभेचा विरोध पोहोचला ना खरेदीचा पैसा.

कागदपत्रांबद्दल थोडं, कारण प्रत्यक्ष संशोधन तिथेच अडतं. पाडा शोधायला मी आधी जनगणना उघडली. जनगणनेत महसुली गाव असतं, पाडा वेगळा नसतो. गट नकाशात पाडा नाही. सातबाऱ्यावर घर नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मात्र घर आहे, कारण घरपट्टी घ्यायची असते. आणि सगळ्यात नीट यादी मला कुठे मिळाली असेल? उन्हाळ्यातल्या टँकरच्या अहवालात. शहापूर तालुक्यात दरवर्षी टंचाई असते, हो, मुंबईला पाणी देणाऱ्या शहापुरातच, आणि टँकर कुठे जातो त्याच्या तक्त्यात 'गावे' आणि 'पाडे' असे दोन वेगळे रकाने असतात. भावली धरणातून शहापूरला पाणी आणायची जी योजना आहे, तिच्या कागदांतही जवळपास शंभर गावं आणि अडीचशेहून जास्त पाडे असे वेगळे मोजले आहेत. तहान मोजताना सरकारला पाडा दिसतो. जमीन मोजताना दिसत नाही. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी या दोन याद्या समोरासमोर ठेवून लिहितेय.

एका कार्यालयात गावठाणाच्या मूळ नकाशाची प्रत मागितली होती. चार महिने फेऱ्या मारल्या, शेवटी मिळाली. घरी येऊन जीआयएसमध्ये बसवायला गेले तर ओढा उलट्या बाजूला! नकाशा त्याच नावाच्या दुसऱ्या गावाचा होता. 'खुर्द' मागितलं होतं, 'बुद्रुक' आलं होतं. चूक त्यांची आणि आळस माझा, कारण प्रत हातात घेताना मी कोपऱ्यातलं नाव वाचलंच नव्हतं. तुम्ही वाचा.

अलीकडचे दोन बदल सांगून थांबते. २०१७ मध्ये महसूल संहितेत कलम ४२-ड आलं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळी एनए परवानगी लागत नाही, ठरलेला कर भरला की झालं. आणि २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाण मोजायचं आणि घरमालकांना मिळकत पत्रिका द्यायची. दोन्ही चांगल्या हेतूने आलेल्या गोष्टी आहेत आणि गावठाणातल्या माणसाला त्यांचा उपयोगही होतोय. पण दोन्हींचं मोजमाप त्याच जुन्या रेषेपासून सुरू होतं. ज्या वस्तीला गावठाण नाही तिला ते २०० मीटरही नाहीत, आणि तिच्या डोक्यावरून ड्रोन गेला तरी पत्रिका निघत नाही. उलट रस्त्याकडेच्या गावठाणाभोवतीचे २०० मीटर प्लॉटवाल्यांना जास्त सोपे झाले.

गेल्या पावसाळ्याच्या आधी पुन्हा त्या पाड्यावर गेले होते. राब भाजून झाला होता, हवेत राखेचा वास होता. गावठाण विस्तारासाठी अर्ज करायचं पाड्याने ठरवलं होतं आणि तो लिहायला मी बसले. आजोबा सांगत होते, त्यांची सून मध्येमध्ये सुधारत होती, "बाबा, हे नका लिवायला सांगू, त्यानं काय व्हायचं नाय." ग्रामसभेचा ठराव जोडला, घरपट्टीच्या पावत्या जोडल्या, मतदार यादी जोडली. माझा नकाशाही जोडला, लाल ठिपक्यांचा. पंधरा दिवसांनी सुनेचा फोन आला. अर्ज परत आला होता, त्रुटी पूर्ण करा म्हणून. त्रुटी एकच होती. "ताई, ते म्हणतात, तुमच्या पाड्याच्या मूळ गावठाणाचा नकाशा जोडा."